पुराआधी टेप परत उतरवून पाहा

सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, घाट उतरून पोलादपूरवरून वाहते आणि महाडला पोचेपर्यंत अख्ख्या डोंगराचं पाणी पोटात घेऊन आलेली असते. जुलै २०२१मध्ये, २३ तारखेच्या सकाळपर्यंतच्या २४ तासांत, महाबळेश्वरला सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. २२ तारखेला, गुरुवारी, सावित्री आणि गांधारी या नद्यांचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं आणि तळमजले बुडाले. त्याच दिवशी तळिये गावात दरड कोसळून ८०हून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही घरांवर दरडी आल्या.

एवढी माणसं गेल्यावर कागदांचं आणि संगणकांचं काय घेऊन बसायचं, असं कुणालाही वाटेल. पण पाणी ओसरलं की वाचलेल्यांना पहिल्याच आठवड्यात कागद लागतो. पंचनाम्याला सातबारा लागतो, विम्याला मालाच्या साठ्याची नोंद लागते, पैसे काढायला खात्यावरची शिल्लक कळावी लागते, कामगाराला हजेरीपट लागतो. माणसाला आधाराची सर्वांत जास्त गरज असते नेमक्या त्याच दिवशी या नोंदी चिखलात असतात. तळमजल्यावरच्या कार्यालयात सर्व्हर बहुधा टेबलाखाली किंवा कोपऱ्यातल्या कपाटात असतो. पाणी सर्वांत आधी तिथेच पोचतं.

म्हणून पूरप्रवण गावातल्या प्रत्येक कार्यालयाला एक प्रश्न विचारायला हवा. ‘बॅकअप घेता का?’ याला बहुतेक ठिकाणी ‘हो’ असं उत्तर मिळतं. विचारायचं ते असं: ‘शेवटचा बॅकअप परत उतरवून कधी पाहिला?’ या प्रश्नाचं उत्तर तारखेसह देता येत नसेल, तर त्या कार्यालयाकडे बॅकअप आहे असं म्हणता येत नाही. त्यांच्याकडे आहे ती फक्त टेप.

टेप अजून का वापरतात?

नव्वदच्या दशकात बँकांच्या शाखांमध्ये एससीओ युनिक्स ही संगणकप्रणाली सर्रास चालायची. संध्याकाळी ‘डे-एंड’ झालं की कार्ट्रिज ड्राइव्हमध्ये घालायची, बॅकअप घ्यायचा, वर तारीख लिहायची आणि ती तिजोरीत ठेवायची, हा रोजचा शिरस्ता होता. पुढे बँकांचं काम मध्यवर्ती सर्व्हरवर गेलं आणि शाखांमधली टेप दिसेनाशी झाली. पण कारखाने, रुग्णालयं, विद्यापीठं आणि मोठी डेटा सेंटर यांनी टेप सोडली नाही. आज सर्वाधिक चालणारा प्रकार म्हणजे एलटीओ. अर्धा इंच रुंदीची चुंबकीय फीत तळहातावर मावणाऱ्या कार्ट्रिजमध्ये गुंडाळलेली असते. २०००मध्ये आलेल्या पहिल्या पिढीच्या एका टेपवर १०० गिगाबाइट मावत. नवव्या पिढीच्या टेपवर १८ टेराबाइट मावतात आणि तिच्यातली फीत एक किलोमीटरहून लांब असते.

टेपचा खरा गुण मात्र तिच्या अलिप्तपणात आहे. ड्राइव्हमधून काढलेल्या टेपला वीज लागत नाही, नेटवर्क लागत नाही, आणि कुणी दूर बसून तिच्यावरचं पुसू शकत नाही. फेब्रुवारी २०११च्या अखेरीस गुगलच्या एका सॉफ्टवेअर-दोषामुळे जीमेलच्या सुमारे ०.०२ टक्के ग्राहकांच्या पेट्या रिकाम्या झाल्या. त्यांच्या प्रती एकाहून अधिक डेटा सेंटरमध्ये होत्या, पण त्या सगळ्या एकमेकींशी जोडलेल्या असल्यामुळे तोच दोष सगळीकडे पोचला. शेवटी पत्रं परत आली ती टेपवरून. खंडणीखोर व्हायरस आज शोधून शोधून जोडलेल्या बॅकअप डिस्कच आधी कुलूपबंद करतो. कपाटातल्या टेपपर्यंत त्याचा हात पोचत नाही.

युनिक्सला टेप कशी दिसते?

डिस्कवर हवी ती फाइल थेट उघडता येते. टेप जुन्या जन्मपत्रिकेच्या गुंडाळीसारखी असते: शेवटचं पाहायचं तर आधीचं सगळं उलगडत जावं लागतं. टेपवर फोल्डर नसतात, सारणी नसते. एकामागून एक ठोकळे लिहिलेले असतात आणि एक बॅकअप संपला की ड्राइव्ह तिथे एक खूण करतो. या खुणेला फाइलमार्क म्हणतात. एका टेपवर पाच रात्रींचे बॅकअप असतील तर पाच फाइलमार्क असतात, आणि बुधवारचा बॅकअप हवा असेल तर किती खुणा ओलांडायच्या हे आपल्यालाच सांगावं लागतं. हे काम ‘एमटी’ या आज्ञेने होतं. टेप गुंडाळणं, पुढे सरकवणं, ड्राइव्हची स्थिती विचारणं, सगळं तिच्याकडे.

इथेच नवख्या माणसाची हमखास फसगत होते. युनिक्सच्याच वळणाच्या लिनक्सवर एकाच ड्राइव्हला दोन नावं असतात: ‘एसटी-शून्य’ आणि ‘एनएसटी-शून्य’. पहिलं नाव वापरलं तर काम संपताच टेप आपोआप सुरुवातीला गुंडाळली जाते. दुसरं वापरलं तर ती आहे तिथेच थांबते. पहिल्या नावाने कितीही खुणा ओलांडल्या तरी आज्ञा संपली की टेप पुन्हा मुळावर येते, आणि माणूस बुधवारचा बॅकअप समजून दर वेळी पहिल्या रात्रीचाच वाचत बसतो. लिहिताना तर याहून वाईट: दुसऱ्या रात्रीचा बॅकअप पहिल्या रात्रीच्या अंगावरच लिहिला जातो. आठवडाभर बॅकअप ‘यशस्वी’ झालेला दिसतो आणि टेपवर एकच रात्र शिल्लक असते.

टेपवर फाइली बांधून ठेवण्याचं युनिक्समधलं जुनं साधन म्हणजे ‘टार’. ते युनिक्सच्या १९७९मधल्या सातव्या आवृत्तीपासून आहे आणि आजही रोज वापरलं जातं. त्याची रचना इतकी सरळ आहे की ती एकदा डोळ्यांखालून घालायलाच हवी. प्रत्येक फाइलच्या आधी ५१२ बाइटांचा एक मथळा असतो. त्यात फाइलच्या नावाला १०० बाइट, परवानग्यांना ८, मालकाच्या आणि गटाच्या क्रमांकाला ८-८, आकाराला १२, शेवटच्या बदलाच्या वेळेला १२ आणि पडताळणीच्या बेरजेला ८ बाइट ठरलेले आहेत. वेळ मोजली जाते १ जानेवारी १९७०पासूनच्या सेकंदांत. आकार लिहितात तो अष्टमान पद्धतीने, म्हणजे १,००० बाइटांच्या फाइलपुढे ‘०००००००१७५०’ असं दिसतं. अकरा अष्टमान अंकांत ८ गिगाबाइटच्या आतलाच आकार मावतो. त्याहून मोठ्या फाइलींसाठी नव्या टारने वेगळी सोय केली, पण जुन्या यंत्रावरचं टार तिथे अडतं. मथळ्यानंतर फाइलचा मजकूर, ५१२च्या पटीत भरून काढलेला. सगळ्या फाइली संपल्या की शेवटी शून्यांचे दोन ठोकळे.

या रचनेतली एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. पडताळणीची बेरीज फक्त मथळ्याची असते, मजकुराची नसते. टेपची यादी व्यवस्थित छापली गेली म्हणून फाइलींचा मजकूर धड आहे असं सिद्ध होत नाही. ड्राइव्हची स्वतःची चूकदुरुस्ती असते आणि ती चांगली असते. पण बॅकअप घेतानाच फाइल अर्धवट किंवा बिघडलेली असेल तर ड्राइव्ह ती बिघडलेली फाइल इमानेइतबारे जपतो. म्हणून बॅकअपच्या वेळीच प्रत्येक फाइलचा शा-२५६ ठसा (मजकुरावरून गणिताने निघणारी ओळखखूण) काढून तो वेगळा ठेवावा आणि परत उतरवल्यावर ताडून पाहावा.

परत उतरवताना

पहिलं काम हाताचं आहे: टेपवरची लेखनबंदीची छोटी चकती सरकवून कुलूप लावायचं. घाईत, झोपमोडीत, एका चुकीच्या अक्षराने ‘वाच’ऐवजी ‘लिही’ अशी आज्ञा दिली जाऊ शकते. त्या एकमेव प्रतीचं रक्षण करणारी ती प्लॅस्टिकची चकतीच असते. मग एमटीने ड्राइव्हची स्थिती पाहायची, टेप मुळावर आणायची आणि हव्या त्या खुणेपर्यंत न्यायची.

दुसरं, आधी नुसती यादी काढायची. टारला ‘टी’ हे अक्षर दिलं की यादी येते, ‘एक्स’ दिलं की फाइली बाहेर येतात. यादी फाइलमध्ये साठवून ठेवावी. हवी असलेली फाइल यादीत कशी लिहिली आहे, अगदी तशीच मागावी लागते. सुरुवातीची एक तिरकी रेघ कमी-जास्त झाली तरी ‘सापडली नाही’ असं उत्तर मिळतं.

तिसरं, फाइली नेहमी नव्या रिकाम्या फोल्डरमध्ये उतरवायच्या. काही जुन्या युनिक्सवर पूर्ण पत्त्यासह घेतलेला बॅकअप थेट मूळ जागीच उतरतो आणि तिथल्या आजच्या फाइलींवर मागच्या आठवड्याच्या फाइली चढवतो. ग्नू टार सुरुवातीची तिरकी रेघ स्वतःहून काढून टाकतं, पण आपल्या यंत्रावर कोणतं टार आहे हे अशा वेळी आठवत बसण्यापेक्षा रिकामं फोल्डर बरं. मालकीचंही पाहावं लागतं. नव्या सर्व्हरवर वापरकर्त्यांचे क्रमांक वेगळे पडले असतील तर लेखा विभागाच्या फाइली भलत्याच माणसाच्या नावावर दिसतात.

संपूर्ण फाइल सिस्टीमचा बॅकअप घेण्यासाठी युनिक्समध्ये ‘डंप’ आणि ‘रिस्टोअर’ ही जोडी आहे. रिस्टोअरचा संवादी प्रकार मला फार उपयोगी वाटतो. तो टेपवरच्या फोल्डरांचं चित्र आपल्यापुढे उभं करतो. ‘एलएस’ म्हटलं की यादी दाखवतो, ‘सीडी’ने आत नेतो, हव्या त्या फाइलला ‘ॲड’ म्हटलं की तिच्यापुढे तारा उमटतो, आणि ‘एक्स्ट्रॅक्ट’ म्हटलं की तो कोणता खंड लावायचा ते विचारतो. शेवटी मूळ फोल्डरची मालकी आणि परवानग्या बदलू का, असंही विचारतो. बारा हजार फाइलींतून एकच हिशेबवही हवी असेल तेव्हा ही सोय अमोल ठरते.

डंपमध्ये पातळ्या असतात. शून्य पातळी म्हणजे सगळं. वरची पातळी म्हणजे तिच्याहून खालच्या पातळीच्या मागच्या बॅकअपनंतर बदललेलं तेवढं. समजा, रविवारी शून्य पातळी घेतली आणि सोमवार ते बुधवार रोज एकेक पातळी वाढवत गेलो. गुरुवारी पूर आला तर बुधवार रात्रीपर्यंत परत यायला चारही टेप लागतात, आणि त्याही त्याच क्रमाने: रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार. मंगळवारची टेप वाचली नाही तर बुधवारची अपुरी ठरते. त्याऐवजी रोज फक्त पहिली पातळी घेतली तर रविवार आणि बुधवार अशा दोनच टेप पुरतात; टेपवर जागा जास्त जाते, संकटकाळी धोका कमी होतो. महाडसारख्या गावात पावसाळ्यापुरती तरी ही दुसरी पद्धत मला योग्य वाटते. या सगळ्यात पुसलेल्या फाइलींचाही हिशेब असतो. सोमवारी मुद्दाम काढून टाकलेली फाइल रविवारच्या टेपवरून पुन्हा उठून बसायला नको, म्हणून रिस्टोअर स्वतःची एक नोंदफाइल तयार करतं. शेवटची टेप उतरेपर्यंत तिला हात लावायचा नाही.

चालू डेटाबेसच्या फाइली मात्र नुसत्या टेपवर उचलून भागत नाही. उचलता उचलता त्यात नोंदी होत असतात. पहिला तुकडा अकराचा आणि शेवटचा साडेअकराचा अशी फाइल परत उघडत नाही. आधी डेटाबेसच्याच साधनाने त्याची सुसंगत प्रत काढायची आणि मग ती टेपवर न्यायची.

वेळेचा अंदाजही कागदावर मांडून ठेवायला हवा. सहाव्या पिढीची भरलेली टेप २.५ टेराबाइटची आणि ड्राइव्हचा वेग सेकंदाला १६० मेगाबाइट, म्हणजे नुसतं वाचायलाच चार तासांहून अधिक. नवव्या पिढीची १८ टेराबाइटची टेप सेकंदाला ४०० मेगाबाइटने वाचली तरी साडेबारा तास जातात. पूर ओसरल्यावर वीज जनरेटरवर असेल तर त्या तासांचं डिझेल आधी मोजलेलं असावं.

भिजलेली टेप

टेपच पाण्यात गेली तर? आशा सोडायची नाही. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यान आकाशात फुटलं, कल्पना चावला आणि तिचे सहा सहकारी गेले. मार्च महिन्यात टेक्ससच्या रानात यानातला एक टेप रेकॉर्डर सापडला. उंचावरून पडून, ओल्या जमिनीत आठवडे काढून त्याच्यावरची नोंद टिकली होती. आधी फीत साफ केली, मग ती वाचली, आणि अपघाताचं कारण ठरवायला ती मोलाची ठरली.

महत्त्व आहे ते या क्रमाला. ओली किंवा चिखल लागलेली टेप ड्राइव्हमध्ये कधीही घालायची नाही. सावित्रीच्या गाळातला एक वाळूचा कण फीतही ओरबाडतो आणि ड्राइव्हचं डोकंही. उन्हात, हीटरपुढे किंवा केस वाळवायच्या यंत्राने वाळवायची नाही, कारण उष्णतेने फीत वाकते. फ्रीजरमध्येही ठेवायची नाही. भिजलेले कागद गोठवून वाचवतात, टेपला ते मानवत नाही. वरच्या चिठ्ठीचा फोटो काढायचा, चिखल वाळायच्या आत स्वच्छ, शक्यतो डिस्टिल्ड पाण्याने हळू धुवायची आणि डेटा परत मिळवणाऱ्या जाणकार प्रयोगशाळेकडे लवकर पाठवायची. दोन दिवसांत बुरशी धरू लागते, हे कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. पुराविनाही कोकणची हवा टेपला सोसत नाही. दीर्घकाळ ठेवायच्या एलटीओ टेपसाठी १६ ते २५ अंश तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता सांगितलेली आहे. आषाढात महाडच्या बंद कपाटातली हवा त्याच्या कितीतरी पलीकडे जाते. हवाबंद डबा आणि वेळोवेळी बदललेली सिलिका जेल ही किमान सोय तरी हवी.

एकाच नदीच्या काठी दोन प्रती

एक प्रत दुसऱ्या गावी ठेवावी, हा जुना नियम. महाडच्या माणसाला सहज सुचणारं दुसरं गाव म्हणजे पोलादपूर. महामार्गावरून अर्ध्या तासाचं अंतर, ओळखीची माणसं. पण नकाशा नदीच्या नजरेने पाहिला तर पोलादपूर आणि महाड ही एकाच सावित्रीच्या काठची गावं आहेत. जो ढग पोलादपुरावर फुटतो त्याचंच पाणी काही तासांत महाडला येतं. शिवाय प्रत सुखरूप असली तरी ती आणायची कशी? २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि त्यासोबत एसटीच्या दोन गाड्याही गेल्या. आंबेनळी आणि वरंधा हे दोन्ही घाट पावसाळ्यात दरडींनी वारंवार बंद पडतात. २०२१च्या पुरात बचावपथकांनाच महाडला पोचायला विलंब झाला. तिथे टेपची पेटी कोण पोचवणार?

म्हणून दोन गोष्टी एकदम हव्यात. एक प्रत सावित्रीच्या खोऱ्याबाहेर, पुण्याला किंवा पनवेलकडे, आणि त्याच ठिकाणी ती वाचू शकणारा ड्राइव्ह आणि वाचता येणारा माणूस. म्हणजे महाड तुटलं तरी नोंदी तिकडे उतरवून काम सुरू करता येईल. दुसरी प्रत गावातच, पण वरच्या मजल्यावर, पाणी ओसरताच हाताशी येणारी. टेपला कुलूपसंकेत (एन्क्रिप्शन) लावला असेल तर त्याची किल्लीही दोन्हीकडे हवी. किल्ली बुडालेल्या सर्व्हरवरच असेल तर सुखरूप टेपही मुकी राहते.

किती वर्षं जपायचं, याचंही उत्तर महाडच्या इतिहासात आहे. चवदार तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव महाड नगरपालिकेने १९२४मध्ये केला. बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ला सत्याग्रह केला. तळ्यावरच्या दाव्याचा हायकोर्टातला निकाल लागला १७ मार्च १९३७ला. ठरावापासून निकालापर्यंत तेरा वर्षं. न्यायाला लागणारी नोंद आजच्या हार्ड डिस्कच्या आयुष्याहून जास्त जगावी लागते. टेप तेवढी जगू शकते. १९७३मधली युनिक्सची चौथी आवृत्ती असलेली एक टेप २०२५मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाच्या अडगळीत सापडली आणि अर्ध्या शतकानंतरही वाचता आली. पण ती वाचायला जुन्या यंत्रांचं संग्रहालय आणि तज्ज्ञ लागले. आपल्या बाबतीत ड्राइव्हच्या पिढीकडे लक्ष हवं. सातव्या पिढीपर्यंतचे एलटीओ ड्राइव्ह दोन पिढ्या मागच्या टेप वाचत. आठव्या आणि नवव्या पिढीचे फक्त एकच पिढी मागची वाचतात. ड्राइव्ह बदलताना जुन्या टेप नव्यावर उतरवून घेतल्या नाहीत तर कपाट भरलेलं आणि हात रिकामे.

मृगाआधीची रंगीत तालीम

३१ जानेवारी २०१७ला गिटलॅब या जगप्रसिद्ध कंपनीत एका अभियंत्याकडून चालू डेटाबेस पुसला गेला. कंपनीकडे बॅकअपच्या पाच पद्धती होत्या. त्या घटकेला एकही धड उपयोगी पडली नाही. काही तर कित्येक दिवस मुकाट बंद होत्या. शेवटी योगायोगाने काढलेल्या सहा तास जुन्या प्रतीवर काम भागलं. हुशार माणसांच्या, पैसेवाल्या कंपनीत हे घडलं, कारण बॅकअप बिघडला तर तो ओरडत नाही. त्याचा बिघाड कळण्याची एकच वेळ असते, ती म्हणजे परत उतरवण्याची. ती वेळ आपण निवडायची की पुराला निवडू द्यायची, एवढंच आपल्या हाती आहे.

कोकणात कौलं शाकारणं, गटारं उपसणं, लाकूडफाटा आत घेणं ही कामं मृगाआधी, जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत उरकली जातात. त्या यादीत एक दिवस टेपचा असावा. बाहेरगावची टेप मागवायची. कार्यालयाचा नेहमीचा सर्व्हर बाजूला ठेवून दुसऱ्याच यंत्रावर ती उतरवायची. शक्य तर काम त्याच माणसाला द्यायचं ज्याने बॅकअप कधी घेतलेला नाही, आणि त्याच्या हाती फक्त छापील सूचनांचा कागद द्यायचा. कागदात काय राहून गेलंय ते तासाभरात कळतं. ठसे ताडायचे. मग ज्यांच्या फाइली आहेत त्यांना बोलवायचं: लेखापालाने मार्चचा ताळेबंद उघडून बेरीज पाहावी, प्रयोगशाळेतल्या माणसाने एखाद्या बॅचची नोंद शोधावी, कारकुनाने आपल्या हाताने केलेली एक नोंद ओळखावी. फाइल आली की नाही हे यंत्र सांगतं. ती बरोबर आहे की नाही, हे तिच्यावर रोज काम करणारा माणूसच सांगू शकतो.

झालेल्या तालमीची तारीख, लागलेले तास, न उतरलेल्या फाइलींची नावं आणि उतरवणाऱ्याची सही एका वहीत लिहावी. ग्रामपंचायतीच्या, पतसंस्थेच्या, कारखान्याच्या बैठकीत जूनमध्ये ती वही मागितली जावी, जसा हिशेब मागितला जातो. हे काम खर्चाचं नाही; एक दिवस, एक सुटं यंत्र आणि विचारायची सवय एवढंच लागतं. सावित्रीला पूर येणं आपण थांबवू शकत नाही. पण पूर ओसरल्यावर दारात आलेल्या माणसाला ‘तुमची नोंद आहे’ असं सांगता येणं पूर्णपणे आपल्या हातात आहे, आणि ते मृगाच्या आधीच ठरतं.